डोळ्याच्या गाडीतली खुळखुळ

१

दिवाळीची सुट्टी लागली की खेड्यातल्या शाळा रिकाम्या होत, आणि शाळा रिकाम्या झाल्या की आमची गाडी बाहेर पडे. लोक तिला डोळ्याची गाडी म्हणत. एका धर्मादाय संस्थेनं जुन्या बसच्या सांगाड्यावर ती बांधून घेतली होती. पुढं ड्रायव्हरची केबिन. केबिनच्या मागं कडी असलेलं एक दार आणि दारापलीकडं आम्हा दोघांची खोली. दोन फळ्या झोपायला, एक स्टोव्ह, एक लांब बाक. त्याच्यामागं मोतीबिंदू काढायची खोली, आणि अगदी शेपटाला पत्र्याच्या कपाटात जनरेटर. खेड्यात विजेचा भरवसा नसे. डॉक्टरांच्या डोक्यावरचा दिवा त्या जनरेटरवर चाले, आणि जनरेटर माझ्यावर.

आम्ही दोघे म्हणजे मी आणि ड्रायव्हर सूर्यभान. पाच वर्षं आम्ही एका गाडीत झोपत होतो, एका तव्यावरची भाकर खात होतो. मी पूर्णेकडचा, बौद्ध. तो नदीकाठच्या एका गावचा, मराठा. विद्यापीठाच्या नामांतरावरून अठ्ठ्याहत्तर साली गावोगाव पेटलं, तेव्हा आमचं घर जळालं होतं. त्याच्या गावात तेव्हा काय झालं हे मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही. बाकी सगळ्यावर आम्ही बोलत होतो.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. राणीसावरगावच्या पुढं डोंगराला लागून एक गाव आहे. माझी सोयरीक अजून तिथं आहे, म्हणून नाव लिहीत नाही. माझी मावशी चांगुणाबाई त्या गावची. आई गेल्यावर तिनंच आमच्या घरी येऊन राहून मला वाढवलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, दिवस आहे का रात्र एवढंच तिला कळे. मीच डॉक्टर दिनकररावांच्या मागं लागून शिबिर त्या गावी नेलं होतं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळं नीट चाललं. मी गाडीच्या मागं उभा राहून जनरेटरच्या मशीनचा आवाज ऐकत होतो. माझं कामच ते. चांगल्या मशीनचा आवाज कानाला जाणवत नाही. जाणवला की समजायचं, काहीतरी बिघडलं. उन्हं कलायला लागली तेव्हा तो जाणवला. खुळखुळ. काचेवर काच हलकेच आपटावी तशी.

आतून डॉक्टरांनी हाक मारली. टेबलावर एक म्हातारा होता. त्याचं झालं होतं, पट्टी बांधणं चाललं होतं. कोपऱ्यातल्या फळीवर औषधाच्या बाटल्या एकमेकींना लागत होत्या.

"पंडित, माझा हात थरथरत नाही," डॉक्टर म्हणाले. "गाडी थरथरते आहे. हे थांबेपर्यंत मी कुणाच्या डोळ्याला सुरी लावणार नाही."

२

मशीन थरथरण्याची कारणं ठरलेली असतात. खालचे रबरी पॅड झिजतात, बोल्ट ढिले होतात, सायलेन्सरची पट्टी तुटते, नाहीतर गाडी तिरपी उभी असते. मी कपाट उघडलं. पॅड चेपले होते. एका जुन्या टायरचं रबर कापून नवे पॅड घातले, बोल्ट आवळले, चाकांखाली दगड लावून गाडी सपाट केली. मशीन चालू केलं. फळीवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला. पाण्यावर सुरकुतीसुद्धा आली नाही.

सकाळी डॉक्टर यायच्या आधी मशीन चालू केलं आणि पुन्हा तेच, खुळखुळ. कपाट उघडून पाहतो तर नट ढिले.

नट आपणहून ढिले होतात, हे मला माहीत होतं. पण मशीन रात्रभर बंद होतं. बंद मशीनचे नट कसे ढिले होतील? आणि माझा पाना जिथं ठेवला होता तिथं नव्हता, सूर्यभानच्या फळीखाली होता.

"पाना तू घेतलास?" मी विचारलं.

"स्टोव्हचा वायसर बदलाय घेतला. का?"

"काही न्हाई."

या गावात आल्यापासून तो गाडीतून फारसा उतरत नव्हता. गावातल्या पाराकडं पाठ करून बसायचा. त्याला इथून लवकर निघायचं आहे, हे मला दिसत होतं. मशीन बिघडलं तर शिबिर गुंडाळावं लागणार, आणि शिबिर गुंडाळलं तर मावशीचा डोळा राहणार.

मी नट आवळायला लागलो तर तोच म्हणाला, "पंडित, एक इचारू? तुज्या मावशीचं गाव हाय. तुला गाडी हितं चार दिस जास्त ठिवायची आसंल तर डॉक्टरला सरळ सांग. मशीनशी खेळू नको."

म्हणजे त्याला माझा संशय होता.

३

सिस्टर कुसुमबाईंकडून मी लाल औषधाची बाटली घेतली. काडीला कापूस गुंडाळून प्रत्येक नटापासून खालच्या लोखंडापर्यंत एकेक लाल रेघ ओढली. नट केसभर फिरला तरी रेघ तुटणार. सूर्यभान झोपला तेव्हा कपाटाला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली.

दुसऱ्या दिवशी रेघा जशाच्या तशा होत्या. आणि बाटल्या वाजत होत्या.

मला बरं वाटायला हवं होतं, कारण सूर्यभानवरचा संशय फिटला होता. पण तसं झालं नाही. माणूस मशीन बिघडवत असेल तर त्याला पकडता येतं.

मी एकेक गोष्ट तपासत गेलो. सायलेन्सरची पट्टी काढून पुन्हा ठोकली. पंख्याची पाती पाहिली. कपाटाच्या पत्र्यात गोणपाटाच्या घड्या कोंबल्या. प्रत्येक वेळी आवाज कमी व्हायचा, आणि मी हात पुसून उभा राहिलो की पुन्हा सुरू व्हायचा. मग मी मशीन बंद केलं.

मशीन धापा टाकत थांबलं. फ्लायव्हील फिरून फिरून गप्प झालं. शाळेच्या मैदानात दुपारची सामसूम पसरली. दूर कापूस वेचणाऱ्या बायांचा आवाज येत होता.

आणि आत, बाटल्या वाजत होत्या.

जास्त वेळ नाही. तीन-चार श्वास, मग त्याही थांबल्या. मी स्वतःला सांगितलं, गाडी स्प्रिंगवर उभी असते, हादरा उशिरापर्यंत राहतो. पत्रा उन्हानं ताणतो आणि सावलीत आक्रसतो, तेव्हा कडकड वाजतो. हे सगळं खरं होतं. पण हादरा विरत जातो. हा आवाज विरला नव्हता. कुणीतरी पाहतंय हे ध्यानात आल्यावर बोलणं थांबवावं, तसा तो थांबला होता.

४

डॉक्टर चिडले होते. शाळेत लोक डोळ्यांत औषध घालून बसून होते. गावचे मोठे शेतकरी व्यंकटराव या शिबिराचे यजमान. त्यांच्याकडं जेवणावळी चालल्या होत्या. मी शेवटचा उपाय सांगितला: मशीनच गाडीतून खाली उतरवायचं.

व्यंकटरावांनी गडी पाठवले, गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीतली पोरं आली. बांबूला दोर बांधून मशीन उचललं आणि शाळेच्या आवाराबाहेर चिंचेखाली नेऊन ठेवलं. तिथून लांब केबल टाकली. आता मशीन कितीही नाचलं तरी गाडीला त्याचा धक्का लागणं शक्य नव्हतं. चालू केलं. लांबून नुसती घरघर येत होती, पिठाच्या गिरणीसारखी.

मी एकटाच गाडीत चढलो. दिवा स्थिर जळत होता. बाटल्या गप्प होत्या. मी पेला भरून फळीवर ठेवला. पाणी आरशासारखं.

मग बाटल्या वाजायला लागल्या.

पेल्यातलं पाणी हललं नाही. त्याच फळीवर, त्याच्याच शेजारी पेला होता, आणि पाणी हललं नाही.

मी जवळ जाऊन बाटल्यांकडं पाहिलं. बाटल्याही हलत नव्हत्या. आवाज त्यांच्या मागून, पत्र्यातून येत होता. गाडीचा पत्रा दुहेरी होता. आतला आणि बाहेरचा, मधे चार बोटांची पोकळी. मी तिथं तळवा टेकवला. आवाज थांबला. पत्रा मात्र थरथरत होता, बारीक. मशीनची थरथर एका तालात असते. ही तशी नव्हती. ताप भरलेल्या माणसाच्या अंगावर हात ठेवावा तशी होती.

मग आवाज हातभर पुढं सुरू झाला. मी तिथं हात ठेवला. तिथला थांबला, आणखी पुढं सुरू झाला. मी हात ठेवत ठेवत आमच्या झोपायच्या खोलीपर्यंत आलो. तिथं माझ्या उशाच्या वर तो थांबला आणि पुन्हा आलाच नाही.

पोकळीत उंदीर असेल. घूस असेल. असं मी ठरवलं, आणि उशी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली.

५

ज्यांचे डोळे झाले होते ते शाळेच्या ओसरीत सतरंज्यांवर होते. एकाच डोळ्याचा मोतीबिंदू काढला तरी पट्टी दोन्हींवर बांधत, कारण उघडा डोळा हलला की बांधलेलाही हलतो. मान हलवायची नाही, खोकायचं नाही. पहिल्या दिवशी व्यंकटरावांचा माणूस आमच्या वस्तीतल्यांच्या सतरंज्या वेगळ्या टाकायला आला होता. कुसुमबाईंनी त्याला परत पाठवलं आणि ज्या क्रमानं लोक टेबलावरून उतरले त्याच क्रमानं ओळीनं झोपवलं. पट्टी बांधल्यावर शेजारी कोण हे कुणाला दिसत नव्हतं. विचारलंही नाही कुणी. निदान मोठ्यानं नाही.

कस्तुराबाई नावाची म्हातारी ओळीत सगळ्यात कडेला होती. मी केबल आवरत तिच्याजवळून चाललो होतो.

"मशीनवाला का रं तू?" तिनं विचारलं.

"हाव, आजी."

"मशीन लांब का नेलं?"

"लय आवाज करायलं होतं."

"मग बरं होतं की. आवाजात ते ऐकू येत नव्हतं."

"काय ऐकू येत नव्हतं?"

शेजारच्या सतरंजीवरचा म्हातारा म्हणाला, "तिला कशाला इचारतूस? गाडी तुमची हाय. आत कोण हाय ते तुमालाच म्हाईत."

"आत कोणी नाही, बाबा."

"मग चालतंय कोण?"

मी ओळीकडं पाहिलं. कुणी झोपलेलं नव्हतं. पट्ट्या बांधलेले सगळे चेहरे छताकडं होते आणि सगळे ऐकत होते. माझं बोलणं नव्हे, माझ्या बोलण्याच्या मागचं काहीतरी.

कस्तुराबाईची सून कमलबाई चहा घेऊन आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, कालपून सगळे हेच बोलायलेत. डोळे बांधलेल्याला भास व्हतेत म्हणत्यात. पर सगळ्याला एकच भास कसा व्हईल?"

६

दुपारनंतर व्यंकटराव आले. बरोबर चार-सहा जण आणि त्यांचा सालगडी आश्रुबा. गावात बोलणं पसरलं होतं की गाडीत कुणाला तरी कोंडून ठेवलंय. कुणी म्हणालं पळवून आणलेली बाई आहे, कुणी म्हणालं पोर आहे.

"ड्रायव्हर कोणता?" व्यंकटरावांनी विचारलं. सूर्यभान पुढं झाला. त्याचं गाव, आडनाव ऐकून त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडं वळले. "आन् हे?"

"पंडित," मी म्हणालो.

"आडनाव?"

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा मान डोलावली, पण वेगळी. "तुमची मावशी हितलीच न्हाई का? मग गाडी बघू द्यायला काय हरकत न्हाई."

त्यांनी सगळी गाडी पाहिली. फळ्यांखाली, बाकाखाली, पाण्याच्या टाकीत, मशीनच्या रिकाम्या कपाटात. माझी पत्र्याची पेटी उघडायला लावली. सूर्यभानची कुणी उघडली नाही. सूर्यभान मात्र पुढं होऊन म्हणाला, "माजी बी बघा की," आणि स्वतःच उघडून दाखवली. तेव्हा मला त्याच्याविषयी बरं वाटलं. मग लगेच वाटलं, एवढ्या घाईनं का?

काहीच सापडलं नाही. बाकीचे उतरले. आश्रुबा तेवढा आत राहिला होता. तो पत्र्याला कान लावून उभा होता. मी पाहिलं, त्यानं डोळे मिटले होते. थोड्या वेळानं तो मागं सरला. एकदम नव्हे, आपण कुणाच्या घरात न विचारता शिरलोय हे कळल्यासारखा.

"काय रे?" बाहेरून व्यंकटरावांनी विचारलं.

"काय न्हाई मालक. चला."

उतरताना त्यानं पायातल्या वहाणा हातात घेतल्या होत्या.

७

मशीन लांब नेल्यापासून टेबल हललं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा काम सुरू केलं आणि मावशीला घेतलं.

मी तिला हाताला धरून गाडीत चढवलं आणि आमच्या खोलीतल्या बाकावर बसवलं. कुसुमबाई आतून हाक मारेपर्यंत तिथंच थांबायचं होतं. मी पाण्याचा तांब्या घ्यायला वळलो. परत पाहतो तर मावशी बाकाच्या मधून कडेला सरकलेली. लुगडं आवरून, अंग चोरून बसलेली, एसटीत दुसऱ्या बाईला जागा द्यावी तशी.

"का सरकलीस, मावशे?"

"बसू दे की. लय येळची उभी हाय," ती म्हणाली. "काय गं बाई, तुजा बी डोळाच का?"

तिनं वाट पाहिली. उत्तर आलं नाही असं मला वाटलं. तिला काय वाटलं, ठाऊक नाही. ती "बरं" म्हणाली. तेवढ्यात सिस्टरनं हाक मारली. मी मावशीला जवळजवळ उचलूनच आत नेलं आणि खाली उतरलो. उतरण्याआधी आमच्या खोलीच्या आणि टेबलाच्या खोलीच्या मधल्या दाराला कडी घातली. आमची खोली रिकामी राहिली.

चिंचेखाली मशीन संथ चाललं होतं. सूर्यभान गाडीच्या पलीकडच्या अंगाला सावलीत उभा होता, तो माझ्याजवळ येऊन थांबला. समोर ओसरीत चहाची वेळ म्हणून कमलबाईनं आणि इतर नातेवाइकांनी सगळ्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. पट्ट्या बांधलेल्या चेहऱ्यांची ओळ, हातात कपबशा.

गाडी अगदी शांत होती. बाटली वाजत नव्हती, पत्रा वाजत नव्हता. मी पहिल्यांदा सुटकेचा श्वास घेतला.

तेव्हा कस्तुराबाईनं मान फिरवली. तिला मान हलवायची नाही म्हणून बजावलं होतं. तिच्या शेजारच्यानं फिरवली. मग त्याच्या पुढच्यानं. वाऱ्यानं ज्वारीच्या ताटांची ओळ लवावी तशी एकामागून एक सगळी तोंडं गाडीच्या दाराकडं वळली. मग ती हळूहळू सरकायला लागली. सगळी मिळून, एकाच वेगानं. गाडीच्या दारापासून मैदानातून पुढं, मोकळ्या उन्हातून, जिथं काहीच नव्हतं तिथून, आमच्याकडं. आणि थांबली.

कपबशा तशाच अधांतरी होत्या. कमलबाई सासूच्या तोंडाकडं बघत उभी राहिली होती.

"पंडित," सूर्यभान खालच्या आवाजात म्हणाला, "ते तुज्याकडं बघायलेत का माज्याकडं?"

मी एक पाऊल डावीकडं झालो. तो उजवीकडं झाला. आम्ही दोघांनीही एकाच वेळी तेच केलं, आणि दोघांनाही एकमेकांचं कळलं.

चेहरे कुणाच्याच मागं आले नाहीत. ते आमच्या मधे राहिले. आम्ही जी जागा सोडली होती तिच्यावर. मग ती सगळी तोंडं हळूहळू वर व्हायला लागली. हनुवट्या वर, आणखी वर, आमच्या डोक्यांपेक्षा वर, गाडीच्या टपाकडं.

आणि गाडी हलली.

फार नाही, कुणी पायरीवर पाय ठेवला तर जेवढी हलेल तेवढी. पण आत डॉक्टरांची सुरी मावशीच्या बुबुळावर होती. ओरडलो असतो तर डॉक्टर दचकले असते. मला एकच सुचलं. मी दोन्ही तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकवले आणि दाबून धरले. माझ्या हाताखाली थरथर थांबली. सूर्यभाननं मला पाहिलं. तो पळत पलीकडच्या अंगाला गेला आणि त्याच्या बाजूनं पत्रा धरला.

दोघांचे हात पुरेनात. हाताला लागून थांबे, हातभर पुढं सुरू होई. पारावर बसलेला आश्रुबा उठून आला. त्यानं माझ्या शेजारी उभा राहून तळवे टेकवले. मग आमच्या वस्तीतली पोरं आली. मग गडी आले. शेवटी व्यंकटराव स्वतः आले, माझ्याकडं संशयानं पाहतच. पण हात टेकवले आणि त्यांचा चेहरा बदलला. गाडीच्या दोन्ही अंगांना माणसं उभी, खांद्याला खांदा लावून, बैलाला धरावं तशी गाडी धरून. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

मी जिथं धरलं होतं त्याच्यामागं आमची रिकामी खोली होती. पत्रा उन्हानं तापला होता, पण माझ्या उजव्या तळव्याखालचा पत्रा गार होत गेला. मग तिथं आतून काहीतरी टेकलं. बोटासमोर बोट. माझ्या तळव्यात मावेल एवढं.

मी हात काढला नाही.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. दार उघडलं आणि कुसुमबाई मावशीला पट्टी बांधून बाहेर घेऊन आल्या. सगळ्यांनी हात काढले आणि धोतराला, पायजम्याला पुसले. डॉक्टर हात धुताना म्हणाले, "आज मशीन फार छान चाललं, पंडित. असंच ठेव."

ओसरीत कमलबाई गार झालेले चहा गोळा करत होती.

८

पट्ट्या सुटल्या. मावशीला दिसायला लागलं. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरून खूप वेळ पाहिलं आणि म्हणाली, "लय काळा पडलास रे." तेवढ्यासाठी मी ते सगळं पुन्हा सोसलं असतं. तिला बाकावरच्या बाईचं विचारावंसं वाटलं, पण ती हसत होती, म्हणून राहू दिलं.

डॉक्टर, सिस्टर आणि औषधं जीपनं पुढं गेली. मशीन पुन्हा कपाटात बसवून आम्ही दोघे गाडी घेऊन परभणीला निघालो. भर दुपार होती. रस्त्यावर कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. गंगाखेडच्या अलीकडं, सूर्यभान बोलला.

"पंडित, त्या दिशी पत्र्याला हात लावल्यावर तुला काय लागलं?"

"तुला काय लागलं ते आधी सांग."

"मी आधी इचारलं."

"हात," म्हणालो. "आतून. लेकराचा असंल."

त्यानं गाडीचा वेग कमी केला. "माज्याकडं बाईचा होता," तो म्हणाला. "मनगटभर बांगड्या होत्या. काचंच्या."

आमच्या मागं, कडी लावलेल्या दारापलीकडं खुळखुळ चालली होती. बाटल्या जीपमधून गेल्या होत्या. मशीन बंद होतं.

सूर्यभाननं गाडी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली घेतली. इंजिन बंद केलं. कडी काढून तो आत गेला आणि दार लावून घेतलं. मी केबिनमधे बसून राहिलो. दारातून त्याचा आवाज येत होता. हळू, दबलेला, मोठ्या माणसांसमोर उभं राहून बोलावं तसा. "हाव," तो म्हणे, आणि थांबे. "हाव... न्हाई... अठ्ठ्याहत्तरला, आमच्या गावात... मला म्हाईत होतं. हाव." मधल्या थांबण्यात मला काहीच ऐकू येत नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड घामानं निथळत होतं. कडी त्यानं पुन्हा लावली. पण स्टेअरिंगवर बसला नाही, खाली उतरून रस्त्यावर उभा राहिला.

"पंडित, तुज्या घरचं कुणी गेलं का त्या साली?"

पाच वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"न्हाई. घर गेलं. माणसं राहिली."

"नीट आठव."

"माणसं कुणी इसरतं का?"

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "तर मग जा आत. तुला बोलवायलेत. नाव घिऊन."

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो खरं बोलत होता का? का आतलं जे काही त्याचं होतं ते माझ्या गळ्यात घालून मोकळा होणार होता? मी आत गेलो आणि त्यानं बाहेरून कडी लावली तर? गाडी घेऊन गेला तर? पाच वर्षं एका तव्यावरची भाकर खाल्ली होती, आणि मला काहीच सांगता येत नव्हतं.

मी आधी गाडीची चावी काढून खिशात घातली. मग कडी उघडली.

आत कुणी नव्हतं. दोन फळ्या, स्टोव्ह, बाक. खिडकीतून ऊन आलं होतं. आतल्या पत्र्याला पांढरा रंग होता, आणि त्या रंगावर दोन्ही अंगांना तळवे उमटले होते. थंडीत काचेवर वाफ धरावी तसे, ओलसर. ऊन एवढं होतं की पत्र्याचा चटका बसला असता. काही माझ्या डोक्याच्या वर होते, काही पार खाली, गुडघ्याजवळ. मी पाहत होतो आणि ते एकेक करून विरत होते, दाराकडून आतल्या बाजूला, कुणीतरी एकेक हात काढून घेत असल्यासारखे. बाकाजवळचा एक सगळ्यात शेवटी गेला. तो लहान होता.

मला माझं नाव ऐकू आलं नाही. पण एवढ्या जणांसमोर त्या खोलीत असं उभं राहता येत नव्हतं. मी बाकावर बसलो आणि सूर्यभानला हाक मारली. तो दारात आला, पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. मी चावी त्याच्या हातात दिली. "चल," म्हणालो. "दार मात्र उघडं ठेव."

त्यानं दार उघडं ठेवलं. गाडी चालू झाली, रस्त्याला लागली, आणि थोड्या वेळानं माझ्या पाठीशी, पत्र्यामागं, खुळखुळ सुरू झाली. आरशातून सूर्यभान माझ्याकडं पाहत होता, मी त्याच्याकडं. परभणी येईपर्यंत ती चालू होती. मी नुसता हात टेकवला असता तर ती थांबली असती. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो आणि तिला वाजू दिलं.